‘ह्यो खयसून इलो?’ : कोल्हापूरच्या टाऊन हॉलमधला समुद्रदेव

मालवण, देवगड, वेंगुर्ल्याच्या माणसाला कोल्हापूर नवं नाही. डोळ्यांचं ऑपरेशन असो, लग्नाचा बस्ता असो की मुलांचं कॉलेज, फोंडाघाट चढायचा आणि दाजीपूर-राधानगरीवरून कोल्हापूर गाठायचं, ही आपल्याकडची जुनी रीत. सीपीआर हॉस्पिटलच्या समोरची काळ्या दगडाची, टोकदार कमानींची इमारतही सगळ्यांच्या ओळखीची. तिच्या बागेत बसून आपण डबे सोडतो, रिपोर्टची वाट बघतो, पोरांना झाडाखाली निजवतो. आत मात्र फारसं कुणी जात नाही. त्या टाऊन हॉलमध्ये कोल्हापूरचं वस्तुसंग्रहालय आहे. तिथल्या एका काचेच्या कपाटात जवळपास दोन हजार वर्षांपूर्वीचा एक पाहुणा उभा आहे. तो आला समुद्रावरून, म्हणजे आपल्याच बाजूने. म्हणून त्याच्याविषयी इथे लिहावंसं वाटलं.

आम्ही गेलो होतो अम्मींच्या डोळ्यांच्या तपासणीसाठी. डॉक्टरांनी दुपारनंतर पुन्हा बोलावलं होतं. जोहरला अजून अवकाश होता आणि आठवीतल्या लेकीला इतिहासाच्या प्रकल्पासाठी काहीतरी हवंच होतं. तिकीट काढून आम्ही चौघं आत शिरलो. सगळं मिळून तासाभराचीच भेट.

इमारत १८७२ ते १८७६ या काळातली. चार्ल्स मँट नावाच्या इंग्रज वास्तुशिल्पकाराने ती उभारली. कोल्हापूरचा नवा राजवाडाही त्याच्याच आराखड्याचा. नगराच्या सभा-समारंभांसाठी बांधलेल्या या वास्तूत संग्रहालय आलं ते नंतर, ब्रह्मपुरीच्या उत्खननात निघालेल्या वस्तू ठेवायच्या कुठे असा प्रश्न पडल्यावर. त्यामुळे या संग्रहालयाचा पाया खरं तर पंचगंगेकाठच्या त्या टेकाडात आहे. तलवारी, बंदुका, हस्तिदंती काम, देवळांतल्या मूर्ती हे सगळंही आहेच. आम्ही त्यापुढून भराभर गेलो. बंदुकांपुढे अब्बा थोडा वेळ रेंगाळले, तेवढंच.

पाहुण्याचं नाव पोसायडन. ग्रीक लोकांचा समुद्रदेव. रोमन लोक त्यालाच नेपच्यून म्हणत. कपाटापाशी पोहोचेपर्यंत आमच्या डोळ्यांसमोर मोठा पुतळा होता. प्रत्यक्षात मूर्ती वीतभरही उंचीची नाही. अम्मी काचेला नाक लावून बघत म्हणाल्या, “एवढोसोच?” आणि मग, मालवणी माणूस परक्याला पहिला जो प्रश्न विचारतो तोच त्यांनी विचारला, “ह्यो खयसून इलो?”

काशाची मूर्ती. दाढी, कुरळे केस, पिळदार अंग, एक हात उंचावलेला. त्या हातात एकेकाळी त्रिशूळ होता, आता नुसता हात राहिला आहे. अंगावर वस्त्र नाही. ग्रीक कारागिरांची तशी रीतच होती. लेक क्षणभर बिचकली आणि मग पाटी वाचायला लागली. मूर्ती छोटी असूनही पाठीचे स्नायू, पायांवरचा भार, मानेचा कल असा काही घडवला आहे की तो लहान आहे हे थोड्या वेळाने विसरायलाच होतं. आधी मेणाची घडण करायची, तिच्यावर मातीचा साचा चढवायचा, मेण वितळवून बाहेर काढायचं आणि त्या जागी धातू ओतायचा, अशा पद्धतीने त्या काळी हे काम होई. साचा फोडल्याशिवाय मूर्ती बाहेर येत नाही, त्यामुळे एका साच्यातून एकच नग.

अब्बा मात्र दोन पावलं मागेच उभे होते. मूर्तींच्या दालनात हिंडावं की नाही, हा संकोच आपल्या घरांत असतो आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. त्यावर आम्हाला वाटतं ते एवढंच. हे पूजेचं ठिकाण नाही. काचेच्या कपाटात, क्रमांक लावून ठेवलेल्या वस्तू आहेत, आणि त्यांच्याकडून कुणी काही मागत नाही. पृथ्वीवर हिंडा आणि आधीच्या लोकांचं काय झालं ते पाहा, अशी ताकीद कुरआनात एकदा नव्हे, अनेकदा येते. ज्यांच्या जहाजांवर एवढी मदार होती त्या रोमन लोकांच्या समुद्रदेवाचं काय झालं, ते समोर दिसत होतं. अब्बा पुढे आले, चष्मा पुसला आणि म्हणाले, “हत्यार गेलेला दिसता ह्याचा.” त्यानंतर सगळ्यात जास्त वेळ तेच तिथे उभे होते.

तर ‘ह्यो खयसून इलो?’

ब्रह्मपुरी म्हणजे पंचगंगेच्या काठावरचं, जुन्या कोल्हापूरच्या कडेचं टेकाड. १९४४-४५ च्या सुमारास तिथे प्रा. कुंदनगार यांच्या खोदकामात तांब्या-काशाच्या वस्तूंचा मोठा साठा हाती लागला. त्यानंतर १९४५-४६ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या डॉ. ह. धी. सांकलिया आणि डॉ. मो. गं. दीक्षित यांनी तिथे पद्धतशीर उत्खनन केलं. त्या साठ्यातल्या बहुतेक वस्तू देशी होत्या, रोजच्या वापरातली भांडीकुंडी वगैरे. त्यांतच माहुतासह माणसं पाठीवर घेतलेला एक काशाचा हत्तीही आहे. हा हत्ती आमच्या लेकीला पोसायडनपेक्षा जास्त आवडला, आणि तिची निवड आम्हाला चुकीची वाटत नाही. पण या देशी वस्तूंबरोबर मोजक्या वस्तू थेट भूमध्य समुद्राकडच्या निघाल्या. त्यांत पोसायडन, आरसा आणि सुबक मुठीची सुरई आहे. तशा सुरया इटलीत, नेपल्सच्या आसपासच्या कांपानिया भागात घडवल्या जात. अशा वस्तू हिंदुस्थानात इतर ठिकाणी फारच थोड्या सापडल्या. म्हणून जगभरातले अभ्यासक रोम आणि हिंदुस्थानचा व्यापार लिहायला बसले की कोल्हापूरचं नाव घेतल्याशिवाय पुढे जात नाहीत.

त्या वेळी इथे सातवाहनांचा काळ होता. कोल्हापुरात शिशाची जी जुनी नाणी सापडतात त्यांवर धनुष्यबाण आणि टेकडीची खूण असते आणि विळिवायकुर असं एका राजाचं नाव असतं. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियात बसून टॉलेमीने जगाचा भूगोल लिहिला. त्यात हिप्पोकुरा नावाच्या नगरात बालेओकुरोस राजाची गादी असल्याचा उल्लेख आहे. रा. गो. भांडारकरांनी या दोन नावांची सांगड घातली आणि हिप्पोकुरा म्हणजे कोल्हापूर असावं, असं काही विद्वानांचं मत आहे. हा टॉलेमी आपल्याकडच्या जुन्या किताबांत बतलीमूस म्हणून भेटतो. त्याचा खगोलशास्त्राचा ग्रंथ बगदादच्या विद्वानांनी अरबीत आणला, ‘अल-मजिस्ती’ या नावाने. युरोपही आज तो ग्रंथ त्या अरबी नावावरूनच ओळखतो.

समुद्राचा हिशेब आपल्या दर्यावर्दी वाचकांना चटकन समजेल. इजिप्तच्या तांबड्या समुद्रातल्या बंदरांतून जहाजं जुलैच्या सुमारास निघत, एडनच्या पुढे आल्यावर नैर्ऋत्येचा वारा पाठीशी घेत आणि आपल्या किनाऱ्याला लागत ती सप्टेंबरच्या आसपास, म्हणजे खवळलेला दर्या निवल्यावर. परतीचा प्रवास डिसेंबर-जानेवारीत, उलट्या वाऱ्याने. नारळी पौर्णिमेनंतर होड्या पाण्यात लोटणारे आपले लोक जे गणित अजून सांभाळतात, तेच हे गणित. मायोस होर्मोस या एका बंदरातून वर्षाला १२० जहाजं हिंदुस्थानकडे निघतात असं स्ट्रॅबोने लिहून ठेवलं आहे. आणि हिंदुस्थान दरसाल आपल्याकडून पाच कोटी सेस्टर्स खेचून नेतो, अशी तक्रार प्लिनीने केली आहे. सेस्टर्स म्हणजे त्यांचं नाणं. इथून मिरी, मसाले, सुती कापड जाई. तिकडून द्राक्षाची दारू, तांबं, कथील, शिसं, पोवळं, काच आणि नगद नाणं येई.

याच सुमाराचं, पहिल्या शतकातलं, एका ग्रीक व्यापाऱ्याने लिहिलेलं समुद्रमार्गाचं एक छोटं पुस्तक टिकून राहिलं आहे. त्याचं नाव ‘पेरिप्लस’. लिहिणाऱ्याचं नाव माहीत नाही, पण माणूस धंद्यातला, फालतू वर्णन करत नाही. कुठे खडक आहेत, कुठे चाचे आहेत, कुठल्या राजाला कसली भेट न्यावी ते तो सांगतो. कल्याणच्या खाली उतरताना तो बंदरांची नावं घेत येतो. सेमिल्ला म्हणजे चौल, हे सर्वमान्य आहे. पुढे बायझँटिऑन, तोगारोन, ऑरान्नोबोआस अशी नावं येतात. १९१२ मध्ये या पुस्तकाचं इंग्रजी भाषांतर करणाऱ्या विल्फ्रेड शॉफच्या मते ही विजयदुर्ग, देवगड आणि मालवण होत, आणि त्यानंतर येणारी बेटं म्हणजे वेंगुर्ल्याचे खडक. इतर विद्वान याच नावांना दुसऱ्या जागा देतात. आम्ही मालवणचे, तेव्हा शॉफच्या बाजूने मत देण्यात आमचा स्वार्थ उघड आहे! पण एवढं मात्र नक्की की रोमच्या बाजारातला माणूस हा किनारा नावानिशी ओळखत होता.

मग मूर्ती घाटावर कशी चढली? मोठा व्यापार भडोच आणि कल्याणवरून चाले, त्यामुळे ती तिकडून गाड्यांवर लादून आली असेल. पण कोल्हापूरला जवळचा समुद्र आपलाच. फोंडा, करूळ, भुईबावडा या घाटवाटांनी मीठ आणि सुकी मासळी वर जायची, तांदूळ-गूळ खाली यायचा, बैलांच्या पाठीवरून. वीतभर मूर्ती एका गोणीच्या कोपऱ्यात सहज मावते. ती इथे कुणी कशासाठी घेतली असेल? पूजेला नक्कीच नाही. सोबत इतकी भांडीकुंडी निघाली, त्यावरून आम्हाला तर वाटतं की कुणा तांबटाचं किंवा हौशी सावकाराचं घर असावं, नवल म्हणून जपलेली चीज असावी. अम्मींचं मत वेगळं. त्यांच्या मते ती एखाद्या सुनेच्या माहेरहून आली असणार.

ब्रह्मपुरीत आणखी एक गोष्ट निघाली, जिच्याकडे पाहुण्याच्या नादात कुणाचं लक्ष जात नाही. टेकाडात वस्तीचे थर एकावर एक आहेत. सातवाहनांच्या थरानंतर बराच वरचा थर बहमनी काळाचा आहे. बहमनी सल्तनत सुरू झाली १३४७ मध्ये. त्या थरात नाणी, भांडी आणि रंगीबेरंगी काचेच्या बांगड्यांचे पुष्कळ तुकडे सापडले. डॉ. दीक्षितांनी पुढे भारतातल्या जुन्या काचेचा अभ्यास केला, त्यात या बांगड्यांचा मोठा वाटा होता. त्या कुणाच्या मनगटावर होत्या? हिंदू बायकांच्या की मुसलमान बायकांच्या? तुकडा काही सांगत नाही. कासार एकच असणार.

लेकीच्या मनात काय चाललंय ते आम्हाला बाहेर बागेत कळलं. डबा उघडला आणि ती म्हणाली, वर्गातल्या एका मुलीने विचारलं होतं, तुम्ही मूळचे कुठले? मालवणचे, असं हिने सांगितलं. तर ती म्हणाली, नाही, त्याच्या आधीचे? विचारणारीच्या मनात वाईट नसेल. पण आठवीतल्या मुलीला त्या प्रश्नातली धार कळते. आपल्यापैकी कितीतरी घरांत ही धार कुठल्या ना कुठल्या वळणावर कळलेली आहे. अम्मी म्हणाल्या, “सांगायचां, कोल्हापुरात येक दाढीवालो असा, त्येका इचारा.”

हसलो आम्ही, पण उत्तर दिलं पाहिजे होतं. उत्तर त्या तासाभरात दिसलेल्या वस्तूंतच होतं, आणि थोडं पुस्तकांत. इसवी सन ९१६ मध्ये, म्हणजे हिजरी ३०४ मध्ये, बगदादचा प्रवासी अल-मसूदी चौलला आला. अरब त्या बंदराला सैमूर म्हणत, पेरिप्लसमधलं सेमिल्ला ते हेच. तिथे त्याला सुमारे दहा हजार मुसलमान राहताना दिसले. काही सिराफ, ओमान, बसरा, बगदादहून आलेले आणि इथेच घर करून राहिलेले. पण काही ‘बयासिरा’ म्हणवले जाणारे, म्हणजे हिंदच्याच भूमीवर मुसलमान आईबापांच्या पोटी जन्मलेले. राज्य शिलाहारांचं होतं. मुसलमानांचे तंटे सोडवायला राजाने त्यांच्यातलाच एक प्रमुख नेमला होता आणि त्याला ‘हुनरमन’ म्हणत. म्हणजे अकराशे वर्षांपूर्वीच कोकणात ‘इथेच जन्मलेले मुसलमान’ असा एक वर्ग होता आणि त्याला स्वतःचं नावही होतं. पुढे शिवाजी महाराजांच्या आरमारात दौलतखान सुभेदार होता, हे लेकीला शाळेतून ठाऊकच होतं. आणि आपल्यातली किती घराणी बाहेरून न येता इथल्याच मातीत कलमा वाचून मुसलमान झाली, त्याची तर मोजदादच नाही.

आणखी एक धागा अब्बांनी काढला. ‘हे रोमन म्हणजे सूरह रूममधले रूमच ना?’ बरोबर. सूरह रूम उतरली तोवर जुनं रोम ढासळलं होतं आणि त्याच साम्राज्याची पूर्वेकडची शाखा कुस्तुंतुनियात राज्य करत होती. इराणकडून हरलेले ते रूमी काही वर्षांत पुन्हा जिंकतील, असं त्या सूरहमध्ये सांगितलं गेलं. लहानपणापासून पाठ असलेल्या त्या शब्दामागची माणसं कशा सुरईतून पाणी ओतत, कसल्या आरशात तोंड बघत, ते आपल्यापासून पाच तासांच्या रस्त्यावर बघायला मिळतं, हे अब्बांना फार लागलं. परतीच्या वाटेवर राधानगरीपर्यंत ते त्याच विषयावर बोलत होते.

संग्रहालयात गेलात तर एका माणसाची चित्रं मात्र चुकवू नका. तो ग्रीक नाही, रोमन नाही, कोल्हापूरचाच. आबालाल रहिमान. घराणं कुरआनच्या हस्तलिखितांची नक्कल आणि नक्षीकाम करणारं. मुलाचा हात बघून त्याला मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये धाडलं गेलं. पुढे राजर्षी शाहू महाराजांनी त्याला दरबारी चित्रकार म्हणून आश्रय दिला. कोटितीर्थाच्या काठी एकटा राहून त्याने पाणी, झाडं, संध्याकाळचा उजेड रंगवला. १९२२ मध्ये महाराज गेले, तेव्हा दुःखाने त्याने आपली पुष्कळ चित्रं कोटितीर्थाच्या पाण्यात सोडली, असं सांगतात. १९३१ मध्ये तो गेला. कोल्हापूरची पुढची चित्रकारांची पिढी त्याला गुरुस्थानी मानते. आपल्या घरांत मात्र हे नाव ठाऊक नसतं. आम्ही ज्या चित्रापुढे थांबलो त्यात फक्त पाणी आणि काठ होता. अम्मींना तेवढ्या डोळ्यांनीही ते दिसलं.

आता आपल्या जिल्ह्याविषयी. सिंधुदुर्गात पिंगुळीला ठाकर समाजाच्या चित्रकथी-बाहुल्यांचं कला आंगण आहे, सावंतवाडीच्या राजवाड्यात गंजिफा आहे, कुडोपीच्या सड्यावर हजारो वर्षांपूर्वीची कातळशिल्पं आहेत. पण या किनाऱ्याच्या व्यापाराची, गलबतांची, खलाशांची गोष्ट सांगणारं एकही दालन आम्ही पाहिलेलं नाही. ती गोष्ट पडली आहे घरांच्या माळ्यांवर आणि कबरस्तानातल्या जुन्या दगडांवर. आणि दर मे महिन्यात, मुंबईकर घर साफ करायला आले की तिच्यातली थोडी थोडी भंगारवाल्याच्या टेम्पोत जाते. तांब्याचा हंडा किलोवर विकला जातो, अरबी लिपीतल्या शिळेवर कपडे धुतले जातात. ब्रह्मपुरीचा तो साठा त्या काळी कुणी वितळवला असता, तर आज आम्ही काय बघायला गेलो असतो?

कायद्याचं थोडं माहीत असावं. जमिनीत पुरलेलं, मालक ठाऊक नसलेलं दहा रुपयांहून जास्त किमतीचं काही सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवणं १८७८ च्या निखात निधी कायद्याने बंधनकारक आहे. न कळवता विकलं तर शिक्षा आहे, रीतसर कळवलं तर सापडवणाऱ्याचा हक्क कायदा मानतो. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांवरच्या वस्तू आणि पंचाहत्तर वर्षांवरची महत्त्वाची हस्तलिखितं ‘पुरावस्तू’ ठरतात. आखातातल्या नातेवाइकांना भेट म्हणून असलं काही पाठवता येत नाही. घरात जपून ठेवायला मात्र कुणाची ना नाही. हाती लिहिलेला कुरआन, जुना निकाहनामा, मोडीतली सनद असेल तर दमट भिंतीपासून दूर, सुती कापडात ठेवावी, आणि मोबाईलवर प्रत्येक पानाचा नीट फोटो काढून दोघा-तिघांकडे द्यावा. पावसाळ्याआधी हे झालं तर उत्तम. लॅमिनेशन करू नये, त्याने कागद मरतो.

घरी आल्यावर लेकीने आमच्या माळ्यावरची पत्र्याची पेटी उतरवली. तिच्यात पणजोबांची नली निघाली, जहाजावरच्या नोकरीचं पुस्तक. शिक्के पुसट झालेत, तरी मुंबई, एडन, सुएझ, पोर्ट सैद एवढं वाचता येतं. प्रकल्पाच्या कागदावर तिने तांबडा समुद्र काढला, जुलैचा वारा बाणाने दाखवला, आणि एकाच रेघेवर दोन नावं लिहिली, वर पोसायडन आणि खाली पणजोबा. ‘इजिप्त ते कोल्हापूर’ आणि ‘मालवण ते इजिप्त’.

संग्रहालय सोमवारी गाठू नका, सरकारी संग्रहालयं त्या दिवशी सहसा बंद असतात.